डायनिंग टेबलावरचे डोंगर

कंपनीने बायकोला जवळजवळ वर्षभरासाठी परदेशी पाठवलं आणि जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई असे दोघंच उरलो. सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ते गेल्यावर सासूबाई त्यांचं जुनं भाड्याचं घर सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

मी पुण्याचा, नोकरीसाठी बंगळूरला आलेला. बायकोचं माहेर पिढ्यान्पिढ्या इथलंच. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत मला अजूनही मध्येच थांबून अर्थ लावावा लागतो. सासूबाई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. मीही तसाच. बायको घरात असायची तेव्हा दोघांच्या वाटचं तीच बोलायची, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी थेट असं कधी बोललोच नव्हतो, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

"जेवलात?"

"हो."

"भात वाढू स्वल्प?"

"नको, आई."

एवढ्यावर आमचे दिवस चालायचे. वाद नव्हता, अडचणही नव्हती. फक्त घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही दमलेली आहेत, असं वाटायचं.

माझ्या दमण्याला सांगण्यासारखं कारण नव्हतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात मी एका जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. तिथे नवीन काही बनत नाही. जे आहे ते मोडू नये एवढंच बघायचं. संध्याकाळी कंपनीची बस लांबलचक उड्डाणपुलावर चढते, खालचा गोंधळ खाली राहतो, आणि बसमधली सगळी माणसं माना टाकून झोपतात. मला झोपही येत नसे. मी मोबाइलवर डोंगर बनवण्याचे व्हिडिओ बघायचो.

हे डोंगरांचं प्रकरण असं सुरू झालं. ऑफिसातला एक सहकारी मला एका रविवारी त्याच्या मंडळात घेऊन गेला. आठ-दहा जण एका बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये जमायचे आणि मोठ्या टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडून लढाया खेळायचे. फासे टाकायचे, टेप लावून अंतर मोजायचं, नियमांवरून हुज्जत घालायची. एकेक सैनिक त्यांनी भिंगाखाली धरून रंगवलेला. टोपीवरचं चिन्ह, बुटाचा पट्टा, सगळं. आणि एवढे नटवलेले सैनिक उभे कशावर? हिरव्या चादरीवर. चादरीखाली जाडजूड पुस्तकं घालून टेकड्या केलेल्या, आणि बुटांची खोकी उलटी घालून घरं.

मला खेळ जमला नाही. नियम डोक्यात राहिनात आणि हरलो तरी काही वाटेना, त्यामुळे माझ्याशी खेळायला कुणाला मजा येईना. पण ती चादर माझ्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी बोलून गेलो, "जमीन मी करतो." खेळणारे तिला 'टेरेन' म्हणतात. सगळ्यांनी लगेच होकार दिला. कुणालाच ते काम नको होतं.

मी ते का ओढवून घेतलं, याचा नंतर विचार केला. खेळायचं तर बोलावं लागतं. बनवताना बोलावं लागत नाही, हे खरं कारण असावं.

मग शिकायला लागलो. म्हणजे बघायला लागलो. व्हिडिओंना तोटा नव्हता. एक दाढीवाला माणूस त्याच्या तळघरात फोमच्या लाद्या कापून कडे बनवायचा. एक बाई झाडाच्या सालीचे खडक करायची. दोघंही इतक्या शांतपणे सांगायचे, की बघताना आपणच ते केल्यासारखं वाटायचं. मी व्हिडिओ साठवत गेलो. 'नंतर बघू' म्हणून ठेवलेल्यांची रांग वाढत गेली. एक इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात पडकी चर्च होती, बर्फ होतं, सूचिपर्णी झाडं होती. परदेशातल्या हौशी लोकांच्या एका चर्चा-गटात मी विचारलं, की तुमच्याकडे मिळतो तसला दाट फोम इथे मिळत नाही, त्याऐवजी काय वापरू. लोक भले होते. सगळ्यांनी उत्तरं दिली. एकाने लिहिलं, तुमच्या गावातल्या छोट्या आगगाड्यांच्या दुकानात चौकशी करा.

दोन महिने असे गेले. ऑफिसात दिवसभर स्क्रीन, बसमध्ये स्क्रीन, घरी येऊन पुन्हा स्क्रीन. शिकणं हीसुद्धा एक नोकरी होऊन बसली होती आणि हातून एक खडा हलला नव्हता. मंडळातले विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" मी म्हणायचो, "अभ्यास चाललाय." ते खोटं नव्हतं.

शेवटी एका शनिवारी स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलच्या लाद्या आणल्या. भाजी चिरायच्या सुरीने कापल्या. पांढरे कण घरभर झाले. पायाला, पडद्याला, देवघराच्या दाराला चिकटले. तीन लाद्या एकावर एक डकवून, कडा तासून, टेकडीसारखं काहीतरी झालं. मग रंग द्यायचा म्हणून बाल्कनीत नेऊन त्यावर राखाडी स्प्रे मारला. काही क्षण बरं दिसलं. मग टेकडी आत बसायला लागली. फवाऱ्यातलं रसायन थर्माकोल खातं, हे एका व्हिडिओत सांगितलेलं होतं, तो माझ्या 'नंतर बघू'मध्ये होता.

वासाने सासूबाई बाहेर आल्या. नाकाला पदर लावून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"काय जळतंय?"

"जळत नाहीये. विरघळतंय."

त्या जवळ आल्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यामुळे काही नीट बघायचं तर मान तिरकी करायच्या. तशी मान करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"काय करताय हे?"

"डोंगर."

"कुठला?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. डोंगर म्हटल्यावर तो कुठलातरी असणार, म्हणून साधं विचारलं होतं. मी त्या दाढीवाल्या माणसाच्या तळघरातला डोंगर करत होतो. तो कुठल्या देशातला, तिथे पाऊस किती पडतो, तिथली माती कसली, हे मला ठाऊक नव्हतं, आणि इतक्या दिवसांत तो प्रश्न डोक्यात आलाही नव्हता.

"असाच," मी म्हटलं.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्यांनी माळ्यावरची निळी पेटी काढायला सांगितली. पेटी हलकी होती. मला वाटलं आत कपडे असतील. वर खरंच जुन्या साड्या होत्या. साड्यांच्या घड्या उलगडल्या तसे आतून डोंगर निघाले.

कागदाच्या लगद्याचे होते. तांबडे, करडे, एकदोन हिरवे. एकाला पायऱ्या कोरलेल्या, वर देवळाएवढी जागा सपाट ठेवलेली. एकाच्या पोटात बोगदा होता. रंग उडाले होते, एका बाजूला उंदरांनी कुरतडलं होतं, पण लांबून बघितलं तर ते डोंगर होते यात शंका नव्हती.

"दसऱ्याच्या बाहुल्या मांडायचो ना आम्ही," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांवर बाहुल्या. आणि खाली जमिनीवर मी हे करायची. डोंगर, तळं, शेत. आरसा ठेवून तळं. नाचणी पेरून शेत."

नवरात्रात इकडे घरोघर बाहुल्या मांडतात; लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी ती मांडणी बघितली होती. बाहुल्या आठवत होत्या, लाकडी राजाराणी, त्यांचे जरीचे कपडे. खाली डोंगर होते हे आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"कुणालाच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "बायका हळदीकुंकवाला यायच्या, बाहुल्या बघायच्या, चण्याची उसळ घ्यायच्या, जायच्या. बाहुल्या माझ्या सासूबाईंच्या होत्या, त्या मांडणं माझं काम होतं. डोंगर मला आवडायचे."

त्या दिवसापासून डायनिंग टेबलाचा अर्धा भाग डोंगरांचा झाला. दुसऱ्या अर्ध्यावर आम्ही जेवायचो. मी साडेसात-आठला घरी यायचो तोवर त्यांनी जुने पेपर फाडून भिजत घातलेले असायचे. माझा व्हिडिओतला सांगाडा आणि त्यांचा लगदा असं ठरलं. आत थर्माकोल, वरून कागद. म्हणजे वजन कमी राहतं आणि स्प्रेही चालतो. मैद्याची खळ त्यांनी शिजवली. पातेल्यात खळ ढवळताना त्या पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलल्या, बँकेतल्या एका मॅनेजरबद्दल, जो चहात बिस्किट बुडवून विसरून जायचा. गोष्ट संपली तेव्हा त्यांनाही आश्चर्य वाटलं असावं. पुढे त्या नुसती खळ ढवळत राहिल्या.

पहिली टेकडी वाळली. पाच-सहा दिवसांनी सकाळी उठलो तर टेकडीच्या पायथ्यापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग. उचलून बघितलं तर खालून पोखरलेली, आतून दोन झुरळं निघाली. मी हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून टेकडीकडे बघत राहिल्या.

"मोरचूद," त्या म्हणाल्या. "खळीत मोरचूद घालायचा असतो. किडे लागत नाहीत. मी दरवर्षी घालायची."

"होतं असं. पुन्हा करू."

"तसं नाही. मी विसरले, हे मला कळलंसुद्धा नाही."

टेकडी पिशवीत घालून खाली कचऱ्यात टाकून आलो. परत आलो तर त्या तशाच बसलेल्या. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो. खास काही केलं नाही. चहा केला, दोघांनी घेतला. बायकोचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने विचारलं, "काय चाललंय?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, बसलोय." तेही खरंच होतं.

पुढची खळ आम्ही केलीच नाही. मी पांढऱ्या गोंदाचा मोठा डबा आणला. मुंग्या त्याला तोंड लावत नाहीत. सासूबाईंना ते फारसं पटलं नाही.

मग प्रश्न आला मातीचा आणि रंगाचा. पुस्तकात तपकिरी रंगाच्या बाटल्यांची नावं होती. मी ती शोधत बसलो होतो. एका शुक्रवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे ना? देवनहळ्ळीला जाऊ या. खरा डोंगर बघू."

"इतक्या लांब? तुम्हाला झेपेल?"

"गाडीत बसायचंय. चालायचं थोडंच आहे."

लहानपणी त्या तिथे जायच्या. वडिलांच्या एका स्नेह्याची द्राक्षांची बाग होती. आम्ही सकाळी लवकर कॅब केली. शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायचं होतं. विमानतळाच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या झोपल्या. मीही झोपलो. ड्रायव्हरने उठवलं तेव्हा समोर देवनहळ्ळीच्या जुन्या किल्ल्याची भिंत होती.

किल्ला मोठा नाही. गोल बुरूज, करड्या दगडांचे, आणि आत लोक राहतात. दारात मिरच्या वाळत घातलेल्या, स्कूटर लावलेल्या. बुरुजावर जायच्या पायऱ्या होत्या. त्या सासूबाईंना जमल्या नसत्या. त्या खालीच एका दगडावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वर जाऊन बघून या. मला सांगा."

मी वर गेलो. इतके महिने पडद्यावर भिंती बघून मी काय शिकलो होतो ते तिथे कळलं, आणि काय शिकलो नव्हतो तेही. भिंतीचा दगड राखाडी नव्हता. जिथे पाणी ओघळतं तिथे काळा, जिथे लोक टेकतात तिथे पिवळट आणि गुळगुळीत, सांध्यांतून गवत, आणि खालच्या वीतभर भागावर तांबडी छटा, पावसात उडालेल्या चिखलाची. ती छटा कुठल्याच व्हिडिओत नव्हती. तिकडची माती तांबडी नसावी. मी फोटो काढले आणि खाली येऊन सगळं सांगितलं. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या.

द्राक्षांची बाग शोधायला निघालो तर बागेच्या जागी लेआउट होता. कमान, कोरे रस्ते, प्लॉटांचे दगड, विजेचे खांब, आणि एकही घर नाही. रस्त्यासाठी टेकडी उभी कापली होती. सासूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली.

कापलेली बाजू घरच्या भिंतीएवढी उंच होती. वर गवताची मुळं लोंबत होती, त्याखाली गडद तांबडी माती, मग फिकी, मग पांढुरका मुरूम, आणि सगळ्यात खाली गोल पाठीचे काळे धोंडे, अजून अर्धे जमिनीत. मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. डोंगर आतून कसा असतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं. वरून रंग फासून डोंगर होत नाही, एवढं त्या कापलेल्या कडेने उघड करून ठेवलं होतं.

मी पिशवीत माती भरत होतो तेवढ्यात लेआउटचा वॉचमन आला. त्याला वाटलं आम्ही प्लॉट बघायला आलोय. त्याने कानडीत सांगायला सुरुवात केली, इथे बाग होणार, तिथे तलाव होणार, विमानतळ इतका जवळ. सासूबाई शांतपणे ऐकत राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, की आम्हाला जागा नको, फक्त माती हवी आहे.

"मण्णु?" त्याने विचारलं. माती? मग माझ्या पिशवीकडे बघितलं, आणि त्यांच्याकडे. "किती?"

"दोन ओंजळी."

"तगोळ्ळी," तो म्हणाला. घ्या. आणि आम्ही वेडे असू असं वाटून की काय, त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

त्या खुर्चीवर बसून, समोरच्या मोकळ्या प्लॉटांकडे बघत सासूबाई बोलल्या. मी शेजारी जमिनीवर बसलो होतो.

"तुमची बायको मला विचारते, आई, बाहुल्या का नाही मांडत. पहिल्या वर्षी सुतक होतं. मग दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, पुढच्या वर्षी. तिला वाटतं मी बाबांच्या दुःखात आहे."

"नाही आहात?"

"आहे. पण बाहुल्यांचं कारण ते नाही. मी दमलेय हो. सासू गेल्यापासून दरवर्षी एकटीने केलं. बँक सांभाळून. दहा दिवस माणसं येणार, त्यांचं सगळं बघायचं. आता कुणी म्हटलं, की नको मांडूस, तर मला बरं वाटेल. पण असं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, मांडा, मन रमेल."

मी म्हटलं, "नका मांडू, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले वगैरे नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सरी. साकु झालं आता." पुरे झालं.

मलाही काही सांगावंसं वाटलं. ऑफिसबद्दल, बसबद्दल, झोप न येण्याबद्दल. मी एवढंच म्हणालो, "मीही दमलोय."

"दिसतं ते," त्या म्हणाल्या. "रोज दिसतं."

परतीच्या वाटेत दोघं पुन्हा झोपलो. माती डिकीत होती.

त्यानंतरचं काम सावकाश झालं. घाई कुणालाच नव्हती. माती आधी कढईत भाजून घेतली, किडे-अंडी असतील तर मरावीत म्हणून. मग सासूबाईंनी ती पिठाच्या चाळणीने आणि पुन्हा चहाच्या गाळण्याने चाळली. चाळणीवर राहिलेले खडे ते धोंडे, गाळण्यात राहिले ते गोटे, खाली पडली ती धूळ. बाल्कनीतली तुळस वाळून गेली होती. तिच्या काटक्यांची झाडं केली. त्यांवर काथ्याचा भुगा चिकटवून हिरवा रंग दिला. काटकीला इतक्या बारीक फांद्या असतात, की लांबून खरंच झाड वाटतं.

एका गोष्टीवर आमचं बिनसलं. मोठे धोंडे मी थर्माकोलचे तासून करत होतो. त्या म्हणाल्या, "खोटे कशाला करता? खालून खरे दगड आणा." मी म्हटलं, ही लादी उचलून न्यायची असते, वजन होईल. त्यांना पटेना. त्यांनी मोलकरणीकडून दगड मागवले आणि एका लादीवर स्वतःच्या हाताने बसवले. दिसायला उत्तम होतं. उचलली तेव्हा लादी मधोमध चिरली. त्या म्हणाल्या, "तुमचंच बरोबर." पण दगड काढू दिले नाहीत. ती लादी दोन तुकड्यांत राहिली आणि मधल्या चिरेचा आम्ही ओढा केला.

ज्या रविवारी लाद्या हॉलवर न्यायच्या होत्या त्या दिवशी सासूबाई साडी बदलून तयार होत्या. मी विचारलं नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर एक टेकडी घेऊन बसल्या आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तिच्यावर हात ठेवत राहिल्या.

हॉलमध्ये चादर काढली, पुस्तकं बाजूला झाली आणि आम्ही लाद्या जोडल्या. तांबडी जमीन, कापलेला रस्ता, धोंडे, चिरेचा ओढा, आणि एका कोपऱ्यात बुरूज, ज्याच्या पायाला वीतभर, म्हणजे आमच्या मापाने नखभर, तांबडी छटा. मग मंडळातला एक जण, जो एरवी नियमांवरून सगळ्यांशी भांडायचा, वाकून बघत म्हणाला, "ये तो नंदी हिल्स जाते समय वाला रोड है ना?"

सासूबाईंना हिंदी नीट येत नाही, पण तेवढं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पर्स उघडून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

खेळ सुरू झाला. युरोपातल्या कुठल्यातरी जुन्या लढाईतले निळे आणि लाल कोटवाले सैनिक देवनहळ्ळीच्या मातीवर चालत गेले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूबाई खुर्ची टेबलाशी घेऊन तासभर बसल्या. दोनदा विचारलं, "कोण जिंकतंय?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "माहीत नाही." मधेच एकाने थंड पेयाचा ग्लास टेकडीवर ठेवला. ग्लास उचलला तेव्हा खालचं गवत सुटून त्याच्या बुडाला चिकटून आलं. तो ओशाळला. सासूबाई त्याला कानडीत म्हणाल्या, की राहू दे, घरी गोंद आहे.

नंतर खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. फासे टेबलावर खडखडत होते, माणसं हुज्जत घालत होती, आणि त्या मान एका बाजूला कलवून झोपल्या होत्या. मी खेळत नव्हतो. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

बायको परत आली तेव्हा दसरा जवळ आला होता. बाहुल्या यंदाही नाहीत म्हटल्यावर ती थोडी खट्टू झाली. सासूबाईंनी तिला स्वतः सांगितलं, दार बंद करून. काय बोलल्या ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर दोघींनी मिळून बाहुल्या खालच्या मजल्यावरच्या एका कानडी कुटुंबाला देऊन टाकल्या. त्या घरची सून दरवर्षी मांडते. राजाराणी तेवढे ठेवले. डोंगर माझ्याकडे राहिले.

माझ्या नोकरीत काही बदललं नाही. बस तीच, झोप तशीच कमी. पुढच्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तोवर त्यांना बारीक काम करू द्यायचं नाही असं बायकोने बजावलंय, म्हणून त्या नुसत्या बसून सांगतात आणि मी करतो. काम मागे पडलंय. मंडळाला आता नदी हवी आहे, काचेसारखी, ओतायच्या रसायनाची. ते रसायन कुठलं घ्यायचं ते मी बघतोय. एका व्हिडिओत एक म्हणतो, दुसऱ्यात दुसरं.

परवा मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीने मला मेसेज केला. तिलाही जमीन करायची आहे, सुरुवात कुठून करू, कुठले व्हिडिओ बघू, कुठलं पुस्तक घेऊ. मी तिला दोन व्हिडिओंचे दुवे पाठवले. थर्माकोलवर स्प्रे मारू नकोस, एवढं लिहिलं. आणखी काही लिहावं म्हणून बराच वेळ मोबाइल हातात धरला. मग विचारलं, तू कुठे राहतेस. ती म्हणाली, होसूर रोडला. मी लिहिलं, तिकडे कुठे रस्त्याचं काम चालू असेल तर थांबून कापलेली बाजू बघ. तिने अंगठा पाठवला.

सासूबाई आतून विचारत होत्या, "काय झालं, नदीचं?"

"अजून नाही, आई," मी म्हटलं. घाई नाही म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "मग पडा स्वल्प," आणि मी सोफ्यावर आडवा झालो.